सक्तीच्या रजेतला निवांत आठवडा

मी एका व्यापारी बँकेच्या ट्रेझरी विभागात काम करते. सरकारी रोख्यांची खरेदी-विक्री हे माझे रोजचे काम असून, सकाळी ९ वाजता बाजार उघडल्यापासून संध्याकाळी ५ वाजता तो बंद होईपर्यंत समोरच्या पडद्यांवरून नजर हलवण्याची सोय नसते. अशा संवेदनशील जागांवर काम करणाऱ्यांना वर्षातून एकदा, सलग किमान १० कामकाजाचे दिवस, रजेवर पाठवलेच पाहिजे असा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे. ही रजा आधी कळवायची नसते, आणि तिच्या काळात कामाशी संबंधित कोणत्याही यंत्रणेला कर्मचाऱ्याला हात लावता येत नाही. बँकेतला सर्वसाधारण ई-मेल तेवढा चालू राहू शकतो. जुलै २०२१ मध्ये रिझर्व्ह बँकेने या सूचना नव्याने काढल्या. एखाद्याच्या गैरहजेरीत त्याचे व्यवहार दुसऱ्याच्या नजरेखालून जावेत आणि काही गैर असेल तर ते उघडकीस यावे, हा त्यामागचा हेतू. जोखीम आटोक्यात ठेवण्यासाठी केलेला हा नियम काम करणाऱ्याच्या पदरात किती मोठे दान टाकतो, याचा उल्लेख मात्र मी कुठल्या परिपत्रकात वाचलेला नाही.

यंदा ही रजा मला दिवाळीनंतर लागली. अचानक मिळालेल्या रजेत गाडीची तिकिटे मिळत नाहीत, आणि दिवाळीच्या सुट्टीत तर मुळीच नाहीत, त्यामुळे ठाण्यातच राहायचे हे आपोआप ठरले. पहिला आठवडा घरातल्या तुंबलेल्या कामांत गेला. वडिलांचा निवृत्तिवेतनासाठी लागणारा हयातीचा दाखला, सासूबाईंचे चष्म्याचे नंबर, स्वयंपाकघरातली गळणारी तोटी, हे सगळे त्यात आले आणि त्याविषयी अधिक लिहिण्यासारखे काही नाही. दुसरा आठवडा मात्र मी पूर्णपणे खेळ, वाचन आणि चित्रपट यांसाठी राखून ठेवला. मुलाला शाळेची सुट्टी होती, सासूबाई घरीच असतात, आणि यजमान संध्याकाळी कचेरीतून परतत, म्हणजे दिवसा आम्ही तिघे आणि रात्री चौघे, असा हिशेब होता.

हा आठवडा कसा घालवायचा याचा मी विचार केला होता. आमच्या धंद्यात लक्षाचे फार बारीक तुकडे होतात. एका पडद्यावर १० वर्षांच्या रोख्याचा भाव, दुसऱ्यावर बोलींची यादी, कानाशी फोन, आणि मध्येच कोणीतरी विचारलेला प्रश्न. यातले प्रत्येक काही सेकंदांचे असते आणि प्रत्येकाचे मोल पैशात असते. दिवसभर असे तुकडे वेचून घरी आलेले मन रात्री पुस्तक उघडते तेव्हा एका परिच्छेदानंतर आपोआप दुसरीकडे बघू लागते. म्हणून या आठवड्यासाठी मी फार थोड्या गोष्टी निवडल्या, आणि त्या शक्यतो एकमेकींशी नाते असलेल्या असाव्यात असे पाहिले. एक पुस्तक, सिनेमाच्या जुन्या काळात नेणारी चित्रपटांची एक छोटी मालिका, आणि घरात असूनही कधी न खेळलेला एक खेळ. मुलाच्या आग्रहाने आणखी एक खेळ त्यात आला, त्याविषयी पुढे सांगते.

पुस्तक म्हणजे इरावती कर्वे यांचे ‘युगान्त’. १९६७ साली आलेले आणि पुढच्याच वर्षी साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळालेले हे पुस्तक मी महाविद्यालयात असताना घाईने वाचले होते. या वेळी ते ठाण्याच्या मराठी ग्रंथ संग्रहालयातून आणले. १८९३ साली सुरू झालेली ही संस्था माझ्या घरापासून चालत जाण्याच्या अंतरावर आहे, आणि सकाळी गर्दी नसताना तिथल्या कपाटांपुढे उभे राहण्याचे सुख नोकरदार माणसाला सहसा मिळत नाही. मिळालेली प्रत जुनी होती. समासात कोणीतरी पेन्सिलीने बारीक अक्षरात शेरे लिहिले होते, आणि त्यांतले बरेचसे लेखिकेशी भांडणारे होते. ग्रंथालयाच्या पुस्तकावर लिहू नये हे खरे. तरी त्या अनोळखी वाचकाने मला पुष्कळ सोबत केली.

सोमवारी सकाळी ९ वाजता पुस्तक घेऊन गॅलरीत बसले, तेव्हा नजर पानावर आणि मन रोख्यांच्या भावात होते. बाजार उघडला असेल, शुक्रवारच्या बंद भावापेक्षा वर असेल की खाली, एवढाच विचार. ‘गांधारी’ या लेखाची पहिली पाने मी तीनदा मागे जाऊन वाचली. या अस्वस्थतेवर घाईने उपाय करायचा नाही, असे मी स्वतःशी ठरवले होते, कारण वर्षभर एका गतीने चालणारे मन एका सकाळीत थांबावे ही अपेक्षाच अवास्तव आहे. अर्ध्या-पाऊण तासाने पुस्तक मिटले, सासूबाईंबरोबर मटार सोलले, आणि पुन्हा वाचायला बसले. दुपारपर्यंत गांधारीचा लेख संपला. मंगळवारी एका बैठकीत एक अख्खा लेख झाला, आणि गुरुवारी ‘द्रौपदी’ वाचताना घड्याळ किती वाजले हे दाखवत होते ते मला जेवायची हाक येईपर्यंत कळले नाही. लक्ष परत येते ते असे हळूहळू, एकेका लेखाच्या लांबीने.

इरावतीबाई महाभारतातल्या माणसांकडे माणसे म्हणूनच पाहतात. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन संस्थेने १९१९ मध्ये हाती घेऊन १९६६ मध्ये पुरी केलेली महाभारताची चिकित्सक आवृत्ती हा त्यांचा आधार आहे. तिच्यात नसलेला, नंतर मिसळलेला चमत्कारांचा आणि भक्तीचा थर त्या बाजूला ठेवतात, आणि समाजशास्त्रज्ञाच्या नजरेने कुल, विवाह, वारसा आणि मानापमान यांचे धागे उकलत जातात. भीष्मावरचा लेख वाचताना मी थरारून गेले. लहानपणापासून ज्याला त्यागाचा आदर्श मानले, त्याच्या त्यागामुळे किती स्त्रियांची आयुष्ये उद्ध्वस्त झाली हे त्या अंबा, अंबिका, अंबालिका, गांधारी, कुंती, माद्री अशी नावे पुढे ठेवून दाखवतात, आणि भाषा मात्र कुठेही चढू देत नाहीत. ही निर्भयता आणि हा संयम मराठीत एकत्र क्वचित आढळतो.

हे मी जेवताना बोलून दाखवले आणि सासूबाईंच्या हातातला घास थांबला. त्यांचे माहेर कुडाळजवळचे. श्रीधरांचा ‘पांडवप्रताप’ त्यांच्या घरी चातुर्मासात मोठ्याने वाचला जाई, आणि त्यातले भीष्म त्यांना आपल्या आजोबांइतके जवळचे. “अगं, वडलांसाठी केलं ना त्यानं सगळं? मग दोष त्याला कसा?” असे त्यांनी विचारले. मी लेख मोठ्याने वाचून दाखवावा असे त्याच दिवशी ठरले, आणि तेव्हापासून दुपारच्या चहानंतर एक तास प्रकट वाचन सुरू झाले. मोठ्याने वाचताना वाक्य गाळता येत नाही, पुढचे पान चाळता येत नाही, आणि ऐकणाऱ्याच्या चेहऱ्यावरून कळते की कुठला मुद्दा लागला आणि कुठला निसटला. त्या एका तासात जे वाचले गेले ते माझ्या एकटीच्या वाचनापेक्षा पक्के बसले, असे माझे मत आहे.

घरात असूनही कधी न खेळलेला खेळ म्हणजे गंजिफा. काही वर्षांपूर्वी सासूबाईंच्या माहेरी गेलो असताना सावंतवाडीच्या राजवाड्यातून दशावतारी गंजिफांचा एक संच आणला होता. गोल, हाताने रंगवलेले, लाखेची चकाकी असलेले ते पत्ते आणि त्यांचा चित्र काढलेला लाकडी डबा दिवाणखान्यातल्या कपाटात शोभेसाठी राहिले होते. ही कला सावंतवाडीत लयाला चालली असताना तिथल्या राजघराण्यातल्या शिवरामराजे आणि सत्त्वशीलादेवी भोसले यांनी वृद्ध कारागिरांकडून ती पुढच्या पिढीला शिकवण्याची व्यवस्था केली, म्हणून आज हे संच मिळतात. शोभेच्या वस्तू म्हणून ते जगात गेले, पण ते मुळात खेळायचे पत्ते आहेत, आणि पत्ते खेळले गेले पाहिजेत, असे मला मनापासून वाटते.

दशावतारी संचात १२० पत्ते असतात. विष्णूचे दहा अवतार हे दहा रंग. प्रत्येक रंगात राजा, प्रधान आणि एक ते दहा अशी बारा पाने. राजाच्या पानावर अवताराचे चित्र, आणि अंकांच्या पानांवर त्याची खूण. मत्स्याचे मासे, कूर्माची कासवे, परशुरामाचे परशू ओळखायला सोपे. बाकीच्या खुणा ओळखण्यातच आमची पहिली दुपार गेली. मुलाने प्रत्येक अवताराची पाने चटईवर ओळीने मांडली आणि आम्ही तिघे त्यांच्याभोवती बसून राहिलो. दहाच्या पानावर दहा मासे बसवताना कारागिराने ते जसे गोलाकार फिरवले आहेत, ते पाहतच राहावे असे आहे. छापील पत्त्यांत एका रंगाची खूण दुसऱ्यांदा तंतोतंत तशीच उमटते. इथे एकही मासा दुसऱ्यासारखा नाही.

खेळ तिघांचा, प्रत्येकी ४० पाने. इथे हुकमाचा असा वेगळा रंग नसतो. त्या त्या रंगातले वरचे पान हात जिंकते. राजा सर्वांत वरचा आणि प्रधान त्याच्या खालचा, हे सगळ्या रंगांत सारखे. मात्र अंकांची उतरंड निम्म्या रंगांत एका दिशेने आणि निम्म्या रंगांत उलट चालते, म्हणजे काही अवतारांत दहा हे पान प्रधानाच्या खालोखाल येते, तर काहींत एक्का. पहिल्या डावात हे उलटसुलट प्रकरण तिघांनाही जड गेले, म्हणून मुलाने एका कागदावर कुठला अवतार कुठल्या गटात हे लिहून तो कागद मध्ये ठेवला. कोणत्या रंगातली वरची पाने निघून गेली हे लक्षात ठेवले, तर हातातले साधे चौथे-पाचवे पानही एकदम बलवान होते. खरा खेळ तिथे आहे. १२० पानांतली गेलेली पाने मनात धरून ठेवायची, कागदावर मांडायची नाहीत. कचेरीत ज्या आकड्यांवर माझी नजर असते ते सगळे पडदा लक्षात ठेवतो. इथे ते काम माझ्या स्मरणाला करावे लागले, आणि पहिल्या डावानंतर डोके जड होण्याऐवजी हलके झाले होते, याची नोंद मी मुद्दाम करते.

या खेळातला एक नियम आम्हां सगळ्यांना विशेष आवडला. दिवसा डाव मांडला तर रामाचा राजा ज्याच्याकडे असेल त्याने सुरुवात करायची, आणि रात्री मांडला तर कृष्णाचा राजा ज्याच्याकडे असेल त्याने. राम माध्यान्ही जन्मला आणि कृष्ण मध्यरात्री, तेव्हा हे योग्यच आहे, असे सासूबाई म्हणाल्या. बुधवारी चार वाजता सुरू झालेला डाव दिवेलागणीच्या पुढे गेला, तेव्हा मुलाने शंका काढली की आता राज्य रामाचे की कृष्णाचे. सासूबाईंनी निर्णय दिला, की दिवसा मांडलेला डाव रामाच्याच नावाने संपवायचा, पुढचा कृष्णाचा. त्या देवापुढे निरांजन लावून परत येईपर्यंत कोणीही कोणाचे पान पाहायचे नाही, हेही ठरले.

रात्री यजमान आल्यावर चौघांचा मेंढीकोट व्हायचा. याविषयी मराठी वाचकाला सांगायची गरज नाही. समोरासमोरचे भिडू, प्रत्येकाला १३ पाने, आणि सगळी धडपड चार दहिल्यांसाठी. आमच्याकडे ‘कट हुकूम’ खेळतात, म्हणजे उतारीचा रंग हातात नसलेला पहिला गडी जे पान टाकेल त्याचा रंग हुकूम. आजी आणि नातू एका बाजूला, आम्ही दोघे दुसऱ्या. सासूबाई डाव्या हाताने पाने धरतात, आणि दहिला कधी उतरवायचा याचा त्यांचा अंदाज क्वचित चुकतो. भिडूचा एक्का पडल्याशिवाय त्या इस्पिकचा दहिला हातातून सोडत नाहीत, आणि तो सोडेपर्यंत चेहऱ्यावर काही दिसू देत नाहीत. मुलगा ते पाहून शिकत होता. कोणाला काय सांगायचे नाही आणि तरी भिडूला कळले पाहिजे, हे त्याच्या वयाला शिकवण्याचा याहून चांगला मार्ग मला ठाऊक नाही.

मुलाच्या आग्रहाने आला तो खेळ संगणकावरचा. ‘राजी : अ‍ॅन एन्शंट एपिक’ हा पुण्यातल्या नॉडिंग हेड्स गेम्स या छोट्या कंपनीने केलेला आणि २०२० साली बाजारात आलेला खेळ. राजी ही डोंबाऱ्यांसारख्या कसरती करणारी मुलगी. असुर तिच्या लहान भावाला, गोलूला, पळवून नेतात आणि ती त्याच्या शोधात निघते. तिचा प्रवास दुर्गा आणि विष्णू वरून पाहतात आणि त्यांच्या संवादातून गोष्ट पुढे जाते. मागे दिसणारे वाडे, पुष्करिणी, जाळीदार खिडक्या आणि उंच कमानी राजस्थानी वास्तुशैलीतल्या आहेत. मी असे खेळ खेळत नाही, पण मुलाने आईला सोबत घ्यायचेच ठरवले होते, म्हणून उड्या मारायचे आणि भिंतीवर चढायचे भाग माझे, आणि असुरांशी लढायचे भाग त्याचे, अशी वाटणी झाली. राजीचे चालणे, खांबाला धरून फिरणे आणि त्रिशूळ घेऊन वळणे यांत एका नर्तकीची लय आहे. पळवलेल्या मुलाच्या शोधात निघालेल्या नायिकेची गोष्ट आपल्या शेजारच्या शहरात बसून कोणीतरी एवढा जीव ओतून घडवली, आणि परदेशी खेळांच्या गर्दीत ती उभी केली, याचे मला फार कौतुक वाटले.

खेळाच्या दोन टप्प्यांमध्ये गोष्टीचा काही भाग छायाबाहुल्यांच्या रूपात दाखवला आहे. उजळ पडद्यावर काळ्या आकृत्या, सांधे हलणारे हात, आणि बोलणारा निवेदक. सासूबाई शेजारी जपमाळ घेऊन बसल्या होत्या, त्या एकदम म्हणाल्या, “ह्या तर आमच्या पिंगुळीच्या चामड्याच्या बाहुल्या!” कुडाळजवळच्या पिंगुळीतला ठाकर समाज चामड्याच्या बाहुल्यांचा आणि चित्रकथीचा खेळ पिढ्यान्‌पिढ्या करत आला आहे, आणि लहानपणी देवळाच्या आवारात रात्री पडदा बांधून चाललेला रामायणाचा खेळ त्यांनी पाहिलेला होता. संगणकातल्या बाहुल्या पिंगुळीच्या नव्हेत, भारतात छायाबाहुल्यांच्या अनेक परंपरा आहेत, हे मी त्यांना सांगितले. पण त्यांना जे ओळखू आले ते चूक नव्हते. त्या संध्याकाळी खेळ बाजूला राहिला. दिव्याच्या उजेडात बाहुली पडद्याजवळ आणली की आकार कसा रेखीव होतो आणि मागे नेली की कसा मोठा आणि धूसर होतो, हे त्यांनी हाताच्या सावलीने भिंतीवर करून दाखवले, आणि नातवाने ते तासभर केले.

त्यामुळे चित्रपटांची सुरुवात अगदी योग्य जागी झाली. पहिला निवडला तो ‘हरिश्चंद्राची फॅक्टरी’, २००९ सालचा, परेश मोकाशी यांचा पहिला चित्रपट, जो त्या वर्षी भारतातर्फे ऑस्करसाठी पाठवला गेला. दादासाहेब फाळक्यांच्या धडपडीची ही गोष्ट इतक्या प्रसन्नपणे सांगितली आहे, की कर्ज, विकलेले सामान आणि डोळ्यांचे दुखणे असूनही घरात कोणी कपाळाला हात लावून बसत नाही. मुलाला सर्वांत आवडले ते रोप वाढतानाचे चित्रीकरण. कुंडीतल्या रोपाचे रोज थोडे चित्र घ्यायचे आणि मग सगळी एकापाठोपाठ दाखवली की रोप डोळ्यांदेखत उगवते. फाळक्यांनी लोकांना चलच्चित्राची किमया पटवून देण्यासाठी खरोखरच हे केले होते. मला भावल्या त्या सरस्वतीबाई. फितीला छिद्रे पाडण्यापासून सगळ्या मंडळींच्या स्वयंपाकापर्यंत त्यांनी उचललेला भार नोंदीत आहे, आणि त्यांच्याशिवाय भारतीय चित्रपटाचा जन्म त्या वेळी आणि त्या घरात झाला नसता.

दुसऱ्या दिवशी सकाळी ‘राजा हरिश्चंद्र’चा आज उपलब्ध असलेला भाग पाहिला. ३ मे १९१३ रोजी मुंबईच्या कॉरोनेशन सिनेमॅटोग्राफमध्ये लोकांसमोर आलेल्या या चार रिळांच्या मूकपटातली दोनच रिळे टिकली आहेत, आणि तीही १९१७ मध्ये पुन्हा केलेल्या आवृत्तीतली असावीत असे काही अभ्यासक मानतात. तारामतीचे काम अण्णा साळुंके या पुरुष नटाने केले, आणि पुढे ‘लंकादहन’मध्ये त्यांनीच राम आणि सीता दोघांची कामे केली, हे सांगितल्यावर मुलाने ती दृश्ये परत लावून पाहिली. रोहिदासाचे काम फाळक्यांच्या मुलाने, भालचंद्राने केले आहे. नऊवारीतल्या पुरुषांचा तो घोळका पाहून मुलगा आधी हसला, नंतर गप्प झाला; सुमारे ११० वर्षांपूर्वीची ही माणसे इतक्या उजेडात, इतक्या जवळ हलताना पाहिली की हसू फार वेळ टिकत नाही.

शुक्रवारी ‘संत तुकाराम’. दामले आणि फत्तेलाल यांनी १९३६ मध्ये प्रभात फिल्म कंपनीसाठी केलेला आणि पुढच्या वर्षी व्हेनिसच्या महोत्सवात गौरवला गेलेला हा चित्रपट मी पूर्वी तुकड्यातुकड्यांनी पाहिला होता. आता दिवे बंद करून, चहा-पाणी आधीच उरकून, मध्ये न थांबता पाहिला. विष्णुपंत पागनीस गातात तेव्हा अभिनय आणि भजन यांच्यातली रेघ पुसून जाते, हे सगळेच सांगतात आणि ते खरे आहे. माझ्या मनात मात्र या खेपेला गौरी यांची आवली राहिली. तिच्या घरात धान्य नाही, पोरे भुकेली आहेत, आणि नवरा विठ्ठलाच्या नावात बुडालेला आहे. ती चिडते, बोलते, म्हशीला माया लावते, आणि तिच्या शब्दांना शेणामातीचा वास आहे. दिग्दर्शकांनी तुकारामाची थोरवी वाढवण्यासाठी तिला लहान केले नाही. तुकाराम वैकुंठाला जातो तेव्हा ती पृथ्वीवर राहते, आणि पाहणाऱ्याचे डोळे विमानाकडे जावेत की तिच्याकडे, हे चित्रपट पाहणाऱ्यावर सोडतो. यातले ‘आधी बीज एकले’ हे पद शांताराम आठवले यांनी लिहिलेले. पण ते इतके तुकारामांच्या वळणाचे उतरले की पुष्कळांना तो तुकोबांचाच अभंग वाटत आला आहे. सासूबाईंनाही तसेच वाटत होते. खरे कळल्यावर त्यांनी थोडा विचार केला आणि लिहिणाऱ्याला हात जोडले.

शनिवारचा ‘माणूस’ १९३९ चा, व्ही. शांताराम यांचा. साधा पोलीस शिपाई गणपत आणि कोठीवरची मैना. मुलगा झोपल्यावर आम्ही दोघांनीच तो पाहिला. शांता हुबळीकरांचे ‘कशाला उद्याची बात’ हे गाणे वेगवेगळ्या भाषांतली कडवी घेत जाते, आणि मैना ते म्हणताना तिच्या चेहऱ्यावर जे उमटते ते शब्दांच्या नेमके उलट असते. हे मला वयाच्या चाळिशीत दिसले. यजमान चित्रपट संपल्यावर बराच वेळ बोलले नाहीत, मग म्हणाले की गणपतच्या आईचे काम ज्यांनी केले त्यांच्यावरही लिहिले गेले पाहिजे. पुण्यातला प्रभातचा तो स्टुडिओ १९६० नंतर चित्रपट शिक्षण देणाऱ्या संस्थेचे घर झाला, आणि मुलाच्या पुढच्या सुट्टीत ती जागा बाहेरून का होईना पाहून यावी असे आम्ही ठरवले आहे.

रविवारी प्रकट वाचनात ‘पितापुत्र’ हा लेख आला. विदुर हाच युधिष्ठिराचा पिता असावा का, असा प्रश्न इरावतीबाई त्यात उभा करतात. विदुर हा शापामुळे जन्माला आलेला यमधर्म. लग्नानंतर कुंतीने पहिल्यांदा आवाहन केले ते धर्माला. नियोगात, म्हणजे पतीऐवजी दुसऱ्या पुरुषाकडून संतती मिळवण्याच्या प्रथेत, धाकट्या दिराला मान असे. आणि शेवटी वनात विदुराने युधिष्ठिराकडे एकटक पाहत योगबळाने त्याच्या देहात प्रवेश केला, जसा मरणारा पिता आपले सर्वस्व पुत्राला देतो. इरावतीबाई हे सिद्ध झाल्याचा दावा करत नाहीत. पुरावा मांडतात आणि त्याच्या विरुद्ध बाजूचाही विचार करतात. माझ्या प्रतीतल्या त्या पेन्सिलवाल्या वाचकाने इथे समासात एक मोठे प्रश्नचिन्ह काढून ठेवले होते.

मी वाचून थांबले. सासूबाई म्हणाल्या, “हे मला पटत नाही. विदुराची आई दासी, मग राजाच्या गादीसाठी त्याला कोण विचारणार? आणि तसं असतं, तर कुंतीनं कर्णाचं सांगितलं शेवटी, तसं हेही सांगितलं असतं.” मुलाने उलट बाजू घेतली. कर्ण मेला होता म्हणून तिला सांगावे लागले, विदुराचे सांगितले असते तर युधिष्ठिराचा राज्यावरचा हक्क गेला असता, असे त्याचे म्हणणे. तेरा वर्षांच्या मुलाने हा मुद्दा काढावा याचा मला आनंद झाला, आणि त्याच्या आजीने तो मुद्दा ऐकून “हे मात्र बघायला हवं” असे म्हणावे याचा त्याहून अधिक. यमधर्माला विदुर म्हणून जन्म घ्यायला लावणाऱ्या अणीमांडव्य ऋषींच्या शापाची मूळ कथा महाभारताच्या आदिपर्वात आहे. सोमवारपासून मी कामावर जाणार होते, म्हणून आदिपर्वाचा मराठी अनुवाद ग्रंथ संग्रहालयातून आणण्याचे काम मुलाने अंगावर घेतले, आणि तो आला की रोज रात्री जेवणानंतर अर्धा तास वाचायचा, शनिवारी गंजिफा असल्यामुळे त्या दिवशी सुट्टी, असे सासूबाईंनी ठरवून टाकले.